सातवा ठोका

एका राज्यात वेशीवर एक नगारा होता. त्या नगाऱ्यावर माझ्या दादाने त्या दिवशी सहाच ठोके का दिले, हे मला आजवर कुणी सांगितलेले नाही.

राजा नगरात शिरताना नगाऱ्याचे सात ठोके पडत. सहाव्याला दरवाजा आपोआप अर्धा उघडे, सातव्याला पुरता. तो कुणी ढकलायचा नसे. हे काम आमच्या घराण्याकडे होते. सुभानजीदादा ठोके द्यायचा. तानाईवहिनी शेगडीवर कातडे तापवून ताठ करायची. मी, हैबती, नुसता हुंदडायचो. नगाऱ्याच्या घरचे कुणी मेले, तर मागे राहिलेल्याने सहा ठोके द्यायचे आणि सातवा मोकळा ठेवायचा, हीही आमचीच रीत.

एके दिवशी राजा भद्रसेन शिकारीला गेला असताना सेनापती वज्रमुख राजाची पगडी घालून, राजाच्या घोड्यावर बसून वेशीशी आला. दादाने सहा ठोके दिले आणि हात थांबवला. दरवाजा अर्धाच उघडला. तेवढ्यातून सेनापती घुसला. त्याने दादाला मारले, वहिनीला मारले. मी तेव्हा नदीवर पोहत होतो. राजाला बातमी कळली आणि तो परराज्यात निघून गेला.

सेनापतीचा मांत्रिक म्हणाला, "ठोका अपुरा राहिला. या नगराची नजरही अपुरी राहील." त्या क्षणापासून कुणाला कुणाचा चेहरा पुरता दिसेना. काहींना उजवी बाजू दिसे, काहींना डावी. नगारा त्याने खजिन्याच्या विहिरीत टाकला. त्या विहिरीला जुनाच शाप होता. जो परक्याचे उचलील तो सोन्याचा होईल.

तीन वर्षांनी सेनापती मोहरा काढायला विहिरीत उतरला आणि सोन्याचा झाला. मांत्रिक घुबड होऊन उडून गेला. पाचव्या दिवशी राजा भद्रसेन अर्ध्या दरवाजाबाहेर येऊन उभा राहिला.

सगळे नगर वेशीवर जमले. बऱ्याच जणांच्या एका हातात हार होता, दुसऱ्या हातात दगड.

"हसतोय बघा," चिमा कासारीण म्हणाली. "दुष्काळात यानेच धान्य वाटलं होतं."

"हसतोय कुठे? दात आवळलेत," उमाजी तेली म्हणाला. "सूड घ्यायला आलाय. आपण सेनापतीला मुजरे केले ते याला कळलंय."

"मुजरे तू केलेस. हारही तूच घातलास."

"तो हार शिळा होता."

"उमाजी, तुला डावी बाजू दिसते. तिकडे जखम आहे त्याला."

"मग तुझ्या बाजूने तू ओवाळ. माझ्या बाजूने मी पळतो."

मग सगळे माझ्याकडे वळले. "हैबती, तू नगारच्याच्या घरचा. हा आपला राजा आहे का? आत घ्यायचा का?"

"आधी तुम्ही सांगा," मी म्हणालो. "दादाने सहाच ठोके का दिले?"

"घाबरला असेल," एक म्हणाला. "सेनापतीला ओळखलं असेल त्याने," दुसरा म्हणाला. तिसरा म्हणाला, "मोजताना चुकला असेल रे." त्याच्या मी थोबाडीत मारली.

बाहेरून राजा म्हणाला, "मी फटीतून येणार नाही. तसा सेनापती आला होता."

"त्या दिवशी का नाही आलात?" मी विचारले. मला त्याचे अर्धेच तोंड दिसत होते. ते हलले की नाही, मला कळले नाही.

तेव्हा कठड्यावर बसलेली टिटवी म्हणाली, "हैबती, तीन कामे कर. नगारा वर काढ. नवे कातडे चढव. अपुरा ठोका पुरा कर. घाई करू नकोस."

मी तेवढ्यात निघालोही होतो.

विहिरीत सोन्याचा उजेड होता. सेनापती तोंड वासून उभा होता. मी त्याच्यावर थुंकलो. मग नगारा पाठीला बांधला. नगारा आमचा होता, म्हणून मी माणूसच राहिलो.

कातड्यासाठी रानात गेलो. एक म्हातारा रेडा भेटला. मी कोयता उगारला. रेडा म्हणाला, "कोयता ठेव. उद्या उन्हे वर आली की मी आपणच मरणार आहे. तोवर माझ्याजवळ बस." मी जन्मात कधी थांबलो नव्हतो. बसलो. उन्हे वर आली, रेडा मेला. मी त्याचे कातडे काढले. टिटवीने पंखांनी वारा घातला आणि कातडे वाळले.

वेशीवर येऊन मी नगाऱ्यावर कातडे चढवले आणि वहिनीची शेगडी पेटवली. लोक ओरडत होते, मला घाई झाली. कातडे निखाऱ्यांच्या फार जवळ धरले. करपल्याचा वास आला.

"तापवायचे असते," टिटवी म्हणाली. "भाजायचे नसते. आता हे सातच ठोके सोसेल. आठवा नाही."

मी तसाच उभा राहिलो. दादा आणि वहिनीसाठी अजून कुणी सहा ठोके दिले नव्हते. नगाराच नव्हता. सात राजाला दिले, तर त्या दोघांना काय उरणार? त्यांना सहा दिले, तर नगर आंधळे राहणार. ज्याने दादाला एकटे टाकले त्याच्यासाठी सगळे कातडे संपवायचे, हे काही मला समजेना.

"वाजव," चिमा म्हणाली. "नको वाजवू," उमाजी म्हणाला.

मी टिटवीला विचारले, "दादाने दिलेले सहा मोजले गेले का?"

"दरवाजा अर्धा उघडा आहे," टिटवी म्हणाली. "न मोजता उघडला असता का?"

मग मी एकच ठोका दिला. दादाचा सातवा.

दरवाजा पुरता उघडला. नजर पुरती झाली. राजा हसत नव्हता, रागावलेलाही नव्हता. एका गालावर जखम असलेला तो एक थकलेला म्हातारा होता. लोकांनी दगड हळूच खाली ठेवले. उमाजी चिमाकडे बघत राहिला. "तुझे डोळे सारखे नाहीत गं," तो म्हणाला. "तीन वर्षांत आज बघतोयस," ती म्हणाली.

राजा पायीच आत आला आणि नगाऱ्याखाली थांबला. त्याने पगडी काढली आणि मला विचारले, "सुभानजीने सहाच ठोके का दिले?"

म्हणजे त्यालाही माहीत नव्हते.

राजा सिंहासनावर बसला. विहिरीवर शिळा बसवली. राज्य पूर्वीसारखे चालू झाले आणि लोक आपापल्या घरी गेले.

मी शेगडी पुन्हा फुंकली. या वेळी कातडे लांब धरले, वहिनी धरायची तसे. दोघांसाठी सावकाश सहा ठोके दिले. सहाव्याला कातडे फाटले. मग मी सातव्यासाठी हात उचलला, आणि खाली ठेवला.