मिठाने मागितलेला वास

बरण्या-डबे आपसांत बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. गोदाक्काच्या फडताळात मिठाची बरणी होती. पान वाढताना सगळ्यांत आधी मीठ वाढलं जाई, तरी ते सदा कुरकुरायचं.

“लसूणताई, तू तेलात पडलीस की सारी आळी विचारते, आज काय बेत? मला कोण विचारतं? तुझा वास मला दे.”

“देईन,” लसूण म्हणाली, “पण तो परत निघायचा नाही. आणि मीही उरायची नाही.”

मीठ ऐकेना. दुसऱ्या दिवशी गोदाक्काने दोघांना खलबत्त्यात कुटलं, उन्हात वाळवलं आणि बरणी भरली. भाकरीवर, भरतात, पिठल्यात, जो तो वाहवा करू लागला. मीठ फुगलं.

मग गोदाक्काचा नवरा तापाने अंथरुणाला खिळला. चौथ्या दिवशी त्याने पेज मागितली. तिच्यात बरणीतली चिमूट पडली, आणि त्या वासानेच त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

गोदाक्का वाटी घेऊन शेजारी धावली. “साधं मीठ आहे का गं थोडं?”

दुसरी पेज त्याने घोट घोट करत संपवली. मिठाचं नाव कुणी काढलं नाही.

बरणीतलं मीठ रडवेलं होऊन हाका मारत राहिलं, “लसूणताई! लसूणताई!” ओ द्यायला लसूण वेगळी उरलीच नव्हती.