कापलेल्या हाडातले रक्त

एकदा एका हाडवैद्याच्या शिष्याच्या आईचे मनगट मोडले. ती पडली नव्हती, आपटली नव्हती; पाण्याची कळशी उचलताना काडकन आवाज आला, एवढेच. वैद्यबुवांनी पट्टी बांधली आणि दोन महिन्यांत हाड जुळले. शिष्याच्या मनात मात्र भीती बसली. आईची हाडे ठिसूळ झाली, आता पुढची पाळी कमरेची! त्याने तिचे खाटेवरून उठणेच बंद केले. दूध, तीळ, नाचणीची पेज, सारे तिच्या हातात आणून देऊ लागला.

"मी काय काचेची बरणी आहे?" आई चिडून म्हणे. "मग लोणचं तरी भर माझ्यात!"

तरी ती खंगतच चालली. शेवटी शिष्य रडवेला होऊन म्हणाला, "गुरुजी, खाण्यात काही कमी नाही. मग अंगी का लागत नाही?"

वैद्यबुवांच्या घरी मांस कधी शिजले नव्हते. तरी ते म्हणाले, "खाटकाकडे जा. आत्ता कापलेल्या बकऱ्याच्या मांडीचं हाड आण."

शिष्य चक्रावला, पण घेऊन आला. वैद्यबुवांनी ते करवतीने मधोमध कापले. "बोट फिरव."

बोट लाल झाले.

"हाड जुळवायला तुम्हांला मी वाळलेल्या हाडांवर शिकवतो," वैद्यबुवा म्हणाले. "चूक माझीही आहे. तुला हाड म्हणजे खुंटी वाटली. अरे, त्याच्या आत केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात. जुनं झिजतं, नवं भरतं, त्याची सामग्री त्याच वाटांनी येते. वयानं त्या वाटा विरळ होतात, हाड पोकळ होत जातं. निजून राहिलं की आणखीच. खाणं तू दारापर्यंत पोचवलंस, हाडाच्या आत न्यायला चालणंही लागतं. हाड पुन्हा तरुण होईल असं मी म्हणत नाही. पण आधार धरून रोज थोडं चालू दे तिला."

"आणि मोडलं तर?"

"तर बांधायला मी आहे. निजून निजून माणूसच संपलं, तर काय बांधू?"

दुसऱ्या दिवशी आई उंबऱ्यापर्यंत गेली, आठवड्याने अंगणात. महिन्याभराने ती शेजारणीच्या ओट्याकडे निघाली, तेव्हा शिष्याचा हात तिच्या पाठीशीच होता.

"काढ तो हात. नवी नवरी आहे का मी?"

त्याने हात काढला. ती सावकाश गेली, ओट्यावर टेकली आणि लगेच त्याच्याच तक्रारी सांगू लागली. रस्त्यात उभ्या शिष्याने किती दिवसांनी तरी मोकळा श्वास घेतला.

आपण ज्यांना जपतो, त्यांना चालूही देतो ना, एवढे प्रत्येकाने घरी पाहावे.