दुसरा मणका

“मग माझं चुकलं काय?” निरंजनने पुन्हा विचारलं.

दस्तगीरबाबा तेलाची वाटी पुसत होते.

कृष्णाकाठच्या त्या गावात बाबा पन्नास वर्षं हाडं बसवत आले होते. निरंजन शरीरशास्त्र शिकून त्यांच्या हाताखाली आला, त्याला तीन वर्षं झाली होती. पाठीतलं या पोराला जेवढं कळतं तेवढं मला कळत नाही, असं बाबा चारचौघांत सांगत. निरंजनला ते ऐकायला आवडायचं.

आदल्या दिवशी बाबा परगावी होते. नेमके तेव्हाच निरंजनचे तीन जुने सर तिथे आले. ओसरीवर दुखणेकऱ्यांची रांग होती. निरंजनने त्यातून वीटभट्टीवरच्या गोदाक्काला उठवलं, मधोमध उभं केलं आणि पाठीवरचा पदर काढायला सांगितलं. मानेपासून माकडहाडापर्यंत बोट फिरवत त्याने एकेक मणका दाखवला. कुठला झिजलाय, कुठला सरकलाय, ती कुठून वाकते आणि कुठून वाकत नाही... सगळं बिनचूक.

सरांनी त्याची पाठ थोपटली. बाबा परतल्यावर त्याने हे सगळं त्यांना अभिमानाने सांगितलं.

आज पुन्हा गोदाक्काच्या मालिशचा दिवस होता. ती आली नाही.

“पदर काढ म्हणालास,” बाबांनी वाटी खाली ठेवली. “तेव्हा तिची मान हलली?”

निरंजन आठवू लागला.

“हलली.”

“कशी? खालीवर?”

“नाही. डावीउजवीकडे.”

“तशी मान कुठल्या मणक्यावर फिरते?”

हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. “दुसऱ्या. पहिला मणका डोकं तोलतो, हो म्हणताना डोकं त्याच्यावर खालीवर होतं. नाही म्हणताना पहिला मणका दुसऱ्यावर...”

तो थांबला.

“मला दिसलं होतं, बाबा,” निरंजन हळूच म्हणाला. “मान फिरलेली दिसली होती. मला वाटलं, अवघडली असेल.”

“तसं वाटलं?”

“...नाही. तसं वाटून घेतलं.”

दुपारी तो भट्टीवर गेला. गोदाक्का डोक्यावर विटा घेऊन येत होती. कंबरेत वाकलेली, नजर पायांपुढच्या वाटेवर. तो समोर उभा राहिला तरी तिला त्याच्या चपलाच दिसल्या असाव्यात. ती बाजूने निघून गेली. विटा उतरवून ती टेकली, तेव्हा तो तिच्यापुढे धुळीत बसला.

“अक्का, काल माझं चुकलं.”

तिने पदराच्या टोकाने हाताची धूळ पुसली.

“रांगेत जावई होता माझा,” ती म्हणाली. “लेकीच्या लग्नाला अकरा वर्षं झाली. त्याच्यापुढं माझ्या डोईवरचा पदर कधी ढळला नव्हता.”

निरंजनच्या कानशिलांपर्यंत आग पोचली. माफी मागायला तो शब्द जुळवून आला होता. त्यातला एकही त्याला आता उच्चारवेना.

“तो काय म्हणाला?”

“काय म्हणणार? उठून गेला भला माणूस. लेकीकडं आता कुठल्या तोंडानं जाऊ, ते तेवढं सांगा.”

“मालिशला याल, अक्का? बाबा करतील. मी थांबणार नाही तिथे.”

गोदाक्काने मान डावीउजवीकडे हलवली. मग विटा डोक्यावर घेऊन ती चालू लागली.

तो परतला तेव्हा ओसरीवर चार माणसं बसली होती. निरंजन आत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याने बाबांना सगळं सांगितलं, जावयाचंसुद्धा.

“ती येणार नाही,” तो म्हणाला. “मी उद्या जातो, बाबा. यापुढे कुणाच्या पाठीला हात लावायचं माझ्याच्यानं होणार नाही.”

“बघू हात.”

निरंजनने हात पुढे केला. बोटं थरथरत होती. त्याने ती मिटून घ्यायचा प्रयत्न केला, पण बाबांनी मिटू दिली नाहीत.

“याआधी कधी थरथरला होता?”

“कधीच नाही.”

बाबांनी तेलाची वाटी त्या हातावर ठेवली.

“मग आता लाव हात.”