अमेरिकेचं ढेकूळ

"बाबा, या घटात अमेरिका कुठं आहे?"

ओंकारबाबांनी मान वर केली नाही. करडईची मूठ त्यांनी मातीवर अलगद ठेवली.

"बूट काढ अगोदर," ते म्हणाले.

हेमंत गावंडेनं बूट काढले. काढता काढता मोबाइल पाहिला. हल्ली तो जेवता जेवताही मोबाइल पाहायचा, आणि बायको म्हणायची की ताटात काय वाढलंय ते यांना विचारा, सांगता येणार नाही.

अक्षय्य तृतीयेची संध्याकाळ होती. पूर्णा नदीकाठच्या त्या गावात ओंकारबाबा, सगळ्या गावाचेच बाबा, दरवर्षी या दिवशी घट मांडायचे. शेतात मोठं गोल रिंगण. कडेनं अठरा धान्यांच्या मुठी. मधोमध खड्डा, त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, आणि त्यांच्यावर पाझरणारी मातीची घागर.

रात्री तिकडं कुणी फिरकायचं नाही. पहाटे येऊन बघायचं. ढेकूळ भिजलं तर त्या महिन्यात पाऊस. मुठीतले दाणे पांगले तर त्या धान्याला तेजी, जागच्या जागी राहिले तर मंदी. बाबा सांगणार, पंचक्रोशी ऐकणार. पटलं न पटलं तरी ऐकणारच.

हेमंत हे सगळं लहानपणी बाबांच्या हाताखालीच शिकला होता. पुढं अकोल्याला जाऊन शेतीची पदवी घेतली, परत येऊन शेतकऱ्यांची कंपनी काढली, आणि घटाकडं यायचं सोडलं. आज आला होता तो गरज पडली म्हणून.

"मी काय विचारलं, बाबा?"

"आयकलं मी."

"तुमची ही चार ढेकळं आपल्या पावसाची. पण आपल्या सोयाबीनचा भाव नुसत्या आपल्या पावसावर ठरतो का? आता अमेरिकेत पेरणी चालू झालीय. तिकडं चांगला पाऊस झाला की शिकागोचा बाजार पडतो. तो पडला की दुसऱ्या दिवशी आपल्या यार्डात व्यापारी तोंड वाकडं करून बोली लावतो. इंडोनेशियाचं पामतेल स्वस्त झालं, की आपलं तेल कोण विचारतो? चीननं सोयाबीन घ्यायचं थांबवलं, दिल्लीनं आयातीवरचा कर उतरवला..."

"दम घे," बाबा म्हणाले.

हेमंतनं दम घेतला. तेवढ्यात पुन्हा मोबाइल पाहिला.

बाबा पुढं सरकले. तिळाची मूठ ठेवली.

"सोयाबीन तरी कुठं होतं तुमच्या अठरा धान्यांत?" हेमंत म्हणाला. "परमुलखातून आलं, सगळ्यांनी पेरलं, मग तुम्हीच त्याला रिंगणात जागा दिलीत. पिकाला जागा दिली, मग त्या मुलखालाही द्या."

बाबा पहिल्यांदा हसले. पोरगं लहानपणी असंच भांडायचं.

"तुह्या पोटात काय हाय, ते बोल."

...

बोलावंच लागलं.

दिवाळीपासून पाच गावांचं सोयाबीन कंपनीच्या गोदामात पडून होतं. हेमंतच्या शब्दावर. 'विकू नका, भाव चढणार,' असं त्यानं घरोघर जाऊन सांगितलं होतं. लोकांनी ऐकलं. भाव मात्र चढला नाही. आज पाऊल पुढं, उद्या दोन पावलं मागं, असं त्याचं चाललं होतं.

त्याची चुलती गंगूकाकू रोज दाराशी यायची. तिच्या सुमनचं लग्न त्या पोत्यांपायी लांबलं होतं. ती भांडायची नाही. नुसतं विचारायची, "हेमंता, कवा?" भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं.

"उद्या तुम्ही मंदी म्हणालात, तर सगळे एकदम गोदामावर येतील," हेमंत म्हणाला. "एकदम विकतील. भाव आणखी पडेल. मातीमोल होईल सगळं."

"आन् तुहा शब्द?"

"...तोही."

"मंग मी काय करू?"

"तेजी म्हणा."

बाबांनी हात झटकले. हेमंतला वाटलं, आता हाकलून देतात.

"अमेरिका पाहिजे नं तुले घटात?" ते म्हणाले. "मांड. कोनं अडवलं?"

हेमंत चपापला. पण मागं हटेल तर तो हेमंत कसला! त्यानं शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून एक ढेकूळ उचललं. रिंगणात शिरला. घागरीपाशी क्षणभर थांबला. मग वळला, आणि ते ढेकूळ अगदी कडेला, सोयाबीनच्या मुठीपलीकडं नेऊन ठेवलं.

"झालं," तो म्हणाला.

बाबा त्या ढेकळाकडं पाहत होते.

"लय लांब ठेवलं पान्यापासून."

"खड्ड्यात जागा नव्हती."

"होती."

...

"उद्या पहाटे ये," बाबा म्हणाले, आणि काठी टेकत घराकडं निघाले.

त्या रात्री हेमंतचा डोळ्याला डोळा लागला नाही. कूस बदलली, पाणी प्यायला, मोबाइल पाहिला. आयोवा नावाच्या अमेरिकेतल्या राज्याचा नकाशा उघडला. तिथं सोयाबीन मोप. नकाशावर पावसाचा हिरवा डाग दिसला की तो नकाशा बंद करून पुन्हा उघडायचा. डाग पुसट झाला की हायसं वाटायचं. त्या मुलखात त्यानं कधी पाय ठेवला नव्हता, पण तिथल्या आभाळावर त्याचा डोळा होता.

पहाटे शेतात ही गर्दी. पाच गावची माणसं आली होती. धुऱ्यावर बायका बसल्या होत्या, त्यांत गंगूकाकूही होती.

बाबा रिंगणात उतरले. वाकून एकेक ढेकूळ चाचपलं.

"पयला महिना कमी. दुसरा चांगला. तिसरा लय चांगला. चौथा मंधातला."

मग धान्यं. ज्वारी अशी, तूर तशी. लोक मान डोलवत होते, कुजबुजत होते. हेमंतचं मात्र कशात लक्ष नव्हतं. त्याची नजर सोयाबीनच्या मुठीवर होती.

मूठ पांगली होती. मुंग्यांनी, वाऱ्यानं, का घुशीनं, देव जाणे. पण चांगली हातभर पांगली होती.

आणि तिच्यापलीकडचं त्याचं ढेकूळ कोरडं ठणठणीत होतं.

हेमंतच्या छातीत आनंद उसळला. घट-बिट तो मानत नव्हता, तरी उसळला. तिकडं दुष्काळ, इकडं तेजी! जणू आयोवाचं आभाळच त्यानं स्वतःच्या हातानं बांधून ठेवलं होतं.

"बाबा, सोयाबीनचं सांगा," मागून कुणीतरी ओरडलं.

बाबा बाजूला झाले.

"सोयाबीनचं हेमंता सांगन."

सगळ्या माना वळल्या.

हेच तर त्याला हवं होतं. बाबांच्या जागी उभं राहून एक शब्द बोलायचा. घटाची पुण्याई पाठीशी. गोदामाची कुलपं आणखी महिना-दोन महिने शाबूत राहिली असती. त्यानं घसा खाकरला.

"सोयाबीनला..."

"थांब जरा," गंगूकाकू म्हणाली. ती उठून रिंगणाच्या कडेशी आली होती. "हे पाचवं ढेकूळ कोनत्या महिन्याचं?"

"महिन्याचं नाही, काकू. ते अमेरिकेचं."

"अगं माय! तिकडचंबी सांगते का घट आता?"

लोक हसले. हेमंतही हसला, पण त्याचं हसणं ओठांवरच राहिलं.

काकू वाकली. ढेकळावरून बोट फिरवलं. बोटाला नुसती धूळ लागली.

"कोरडंच हाय."

"हो."

"म्हंजे तिकडं पानी नाई यंदा?"

"...हो. तसं म्हणायचं."

"बापा," काकू म्हणाली. तिच्या शेतात दोन वर्षांपूर्वी पावसानं दडी मारली होती, ते हेमंतला ठाऊक होतं. मग तिनं सरळ त्याच्या तोंडाकडं पाहिलं.

"मंग हे चांगलं का वाईट रे, हेमंता?"

...

हेमंतनं ढेकळाकडं पाहिलं.

खिशात मोबाइल थरथरला. त्यानं काढला नाही.

सोपा प्रश्न होता. रोज सकाळी तो नकाशा बघून त्याचं उत्तर स्वतःला देत होता. फक्त असं चारचौघांत, काकूच्या तोंडाकडं बघून, त्याला ते कधी मोठ्यानं म्हणावं लागलं नव्हतं. आता म्हणता येईना. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"तेजी का मंदी, तेवढं सांगा ना साहेब," मागचा माणूस पुन्हा ओरडला.

"मले नाई मालूम," हेमंत म्हणाला.

गर्दीत चुळबुळ झाली. कुणीतरी शिवी हासडली.

"खरंच नाई मालूम. दिवाळीतबी नव्हतं मालूम. मालूम हाय असं वाटलं होतं." त्यानं खिशातून गोदामाच्या किल्ल्या काढल्या. "आज कुलूप उघडतो. ज्याले विकायचं त्यानं विका, ज्याले ठेवायचं त्यानं ठेवा. मी कोनाले थांबवनार नाई."

"भाव पडला तं?"

"पडन कदाचित. ते माह्या अंगावर."

थोडी आरडाओरड झाली. मग माणसं पांगली. काही घाईनं गोदामाच्या वाटेला लागली, काही डोकं खाजवत उभी राहिली. गंगूकाकूनं पदर खोचला आणि त्याच्या हातातल्या किल्ल्या घेतल्या.

"पोते मी मोजून घेते. तू ये सावकाश," ती म्हणाली, आणि गेली.

रिंगणात दोघंच उरले.

हेमंत खाली बसला. ते कोरडं ढेकूळ त्यानं हातात घेतलं. ठेवावं कुठं ते कळेना. पुन्हा कडेला ठेववेना, आणि घागरीखाली सरकवायचाही धीर होईना. तिकडं पाऊस मागावा, तर पाच गावांचं सोयाबीन अजून विकायचं होतंच की.

"बाबा," तो म्हणाला, "मी कुणाचं वाईट केलं नाही. नुसतं एक ढेकूळ ठेवलं. ढेकळानं काय होतं?"

"काईच नाई होत."

"मग?"

बाबा उगवतीकडं पाहत होते. सूर्य नुकताच वर येत होता.

"तिकडं आता काय वाजले असतील रे?"

हेमंतला हे तोंडपाठ होतं. "तिकडं संध्याकाळ. दिवस मावळतोय."

"म्हंजे घट मांडायची येळ."

...



बाबांनी त्याच्या हातातल्या ढेकळाकडं पाहिलं.

"तिकडच्या हेमंतानं आपल्या गावाचं ढेकूळ कुठी ठेवलं असन?"