एका नादाच्या दोन घंटा

“ती तुझी गाय आहे.”

“माझी कशी? घंटा तुझ्या गायीची वाजतेय.”

डोंगरातल्या एका गावात, दरीच्या काठावर, एक वाणी आणि एक कोष्टी कधीचे भांडत होते. दोघांच्याही गायी रानातून परतल्या नव्हत्या. खाली दाट धुक्यात एक घंटा वाजत होती, क्षीण होत चालली होती. हाताशी दोर होता, पण कडा निसरडा. दुसऱ्याच्या गायीसाठी जीव कोण धोक्यात घालणार?

त्या गावात धुकं असं पडे की गाय दिसायचीच नाही, ती ओळखायची नादावरून. म्हणून प्रत्येक घराच्या घंटेचा नाद वेगळा. घंटा ओतायची एक म्हातारी. प्रत्येक घंटेची जोड, म्हणजे त्याच नादाची दुसरी घंटा, ती आपल्या भिंतीवर टांगे आणि खुंटीखाली त्या घराची खूण काढून ठेवी.

भांडण ऐकून म्हातारी आली. तिनं कान दिला. “हा नाद कोष्ट्याचा, माझ्या भिंतीवर आहे. वाण्या, तू कुठली घंटा बांधलीस?”

“जत्रेतली. गोड वाजली, घेतली.”

“मला का नाही दाखवलीस?”

“अर्धी सकाळ जाते, आजी. साऱ्या गावच्या घंटा एकेक करून वाजवत बसणार तू.”

“एकेक कशाला? मला काय दुसरा उद्योग नाही? खुंट्या बारीक नादापासून जाड नादापर्यंत ओळीनं आहेत. मधली वाजवते. नवी तिच्याहून बारीक असली तर जाड बाजूकडे बघतसुद्धा नाही. उरलेल्यांतली मधली वाजवते. असं करत लगेच जागा सापडते. तिथं तोच नाद आधी असला, तर नवी परत भट्टीत. वेळ जातो तो नवीला जागा करताना, शेजारच्या सरकवाव्या लागतात. जाऊ दे अर्धी सकाळ. गाय तर जात नाही.”

“मग आता सांग, खाली कुणाची आहे?”

“एका नादाची दोन घरं करून ठेवलीस. आता माझी भिंत काय डोंबल सांगणार?”

खालची घंटा थांबली.

कोष्ट्यानं दोर कमरेला बांधला. “कुणाची का असेना,” म्हणाला आणि उतरला.

वर आली ती वाण्याची गाय. दगडांत अडकलेला पाय इतका वेळ चेपला होता की ती जन्माची लंगडी झाली. कोष्ट्याची गाय तोवर आपल्या पायांनी गोठ्यात पोचली होती.

सकाळी वाणी म्हातारीच्या दारात आला, तरी त्याची जीभ काही आवरेना. “चुकलं माझं. यापुढे घंटा घेण्याआधी मी शेजारीपाजारी विचारीन. पण दर वेळी तुझ्या भिंतीचा हट्ट कशाला?”

“तू विचारशील, दुसरा विसरेल,” म्हातारी म्हणाली. मग तात्पर्यही तिनंच सांगितलं:

“या गावात घंटा आधी माझ्या खुंटीला लागेल, मगच गायीच्या गळ्याला.”