कानांची मोजणी

पहाटे रानकोंबडा आरवायच्या सुमारास ठकी सशिणीच्या बिळावर हुकूम आला: सहापेक्षा कमी पिलांचं बीळ अपुरं समजलं जाईल आणि अपुऱ्या बिळाला कोठारातलं गाजर मिळणार नाही.

ठकीला पिलं तीन. त्यांतली धाकटी, बारकी, गेल्या पावसाळ्यापासून मागचे पाय ओढत चालायची. तिला गाजर हवं होतं, आईचं दूध हवं होतं, आणि म्हणूनच आईला या हंगामात दुसरी वीण नको होती.

या जंगलात एक ओढा होता. अलीकडचे ससे उगवतीकडे तोंड करून हात जोडत, पलीकडचे मावळतीकडे. बाकी सगळं सारखंच होतं. घोटाळा नको म्हणून अलीकडच्या पिलांच्या कानाला गेरू लावत आणि पलीकडच्यांच्या कानाला शाडू. राज्य लांडग्याचं होतं. तो रीतसर निवडून आलेला होता आणि धर्माच्या बाबतीत कुणाची बाजू घेत नसे. अधूनमधून एखादं पिलू हरवे, पण तो विषय मोजणीच्या कक्षेत येत नव्हता.

सकाळी अलीकडच्या पंथाचे प्रमुख लांबकाने महाराज यांची सभा झाली.

"पलीकडे बघा!" महाराज कान उभारून म्हणाले. "एकेका बिळात डझनभर! आपण असेच राहिलो तर उद्या सूर्य कुणासाठी उगवेल?"

"भरेल बीळ, तरेल कुळ!" सभा ओरडली.

ठकी मागे बसली होती. "महाराज, माझ्या धाकटीला उभं राहवत नाही. आणखी पिलं झाली तर तिला काय घालू?"

"पोरी, पिलू देव देतो. चाऱ्याचं तोच बघतो."

"मग कोठाराला कुलूप कुणी लावलं?"

"ते प्रशासन," महाराज म्हणाले आणि आरतीला उभे राहिले.

घरी येताना नवरा तानबा चाचरत म्हणाला, "महाराज एवढं म्हणतात तर... विचार करायला हरकत नाही."

"महाराजांना पिलं किती?"

"अगं, ते ब्रह्मचारी आहेत."

"मग त्यांना वेळ आहे. त्यांनाच सांग."

दुपारी ठकी ओढ्यावर गेली. पलीकडच्या काठावर साळू सशीण शाडू कालवत बसली होती. दोघी लहानपणी एकाच गवतात खेळलेल्या. आता बोलायला बंदी होती, म्हणून हळू बोलत.

"तुमचे गुरुजी काय म्हणतात गं?"

"तेच. फक्त सूर्य मावळणार नाही म्हणतात. हुकूमही तोच."

"तुला किती?"

"तीन. ठके, मला आणखी झेपायचं नाही बाई."

ठकीने साळूच्या पिलांकडे पाहिलं, मग ओढ्याकडे. तुमची मोजणी कधी, तिने विचारलं. संध्याकाळी, साळू म्हणाली; मावळतीची पूजा झाल्यावर. अलीकडची मोजणी सकाळी होती, उगवतीच्या पूजेनंतर. पुढचं दोघींना बोलावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खारूताई मोजणीला आली. ठकीच्या दारात सहा पिलं ओळीने बसली होती. कानांना गेरू ओला होता. खारूताईने बारा कान मोजले. तोंडं मोजायचा हुकूम नव्हता. संध्याकाळी तीच सहा पिलं शाडू लावून साळूच्या दारात बसली. बारकीला ठकीने पाठीवरून पाण्यापलीकडे नेलं होतं आणि ती स्वतः झुडपामागे लपली होती.

खारूताई बारकीपाशी थबकली. "तू कुठल्या पंथाची गं?"

बारकी विचारात पडली. "आत्ता सकाळ आहे का संध्याकाळ?"

साळूला जोराचा खोकला आला. खारूताई कौतुकाने म्हणाली, "गुणाची पोर आहे. पूजेची वेळ विचारते."

दोघींना वाटत होतं, ही युक्ती आपल्यालाच सुचली. पण त्या दुपारी ओढ्याचं पाणी तांबडं वाहत होतं आणि संध्याकाळनंतर पांढरं.

निकाल लागला. उगवतीचे ससे दुप्पट झाले होते. मावळतीचेही. महाराज म्हणाले, "सांगत नव्हतो? ते दुपटीने वाढलेत!" पलीकडे गुरुजी हेच म्हणाले. दोन्ही काठांवर विजयसभा झाल्या आणि दोन्ही काठांवर घबराट पसरली. कोठारातली गाजरं मात्र होती तेवढीच होती. ती दुप्पट कानांत वाटली गेली, तेव्हा ठकीच्या दारी सहा पिलांचं म्हणून जे आलं, ते पूर्वी तिघांना यायचं तेवढंच होतं. मोठं गाजर तिने बारकीला दिलं.

त्याच आठवड्यात हुकूम सुधारला: बारापेक्षा कमी पिलांचं बीळ अपुरं.

"आता गं?" साळूने विचारलं.

"वरच्या कपारीत साळिंदरीण आहे. तिला सहा आहेत."

"त्यांना काटे असतात की!"

"असू देत. कट्टर आहेत म्हणून सांगू."

हाती आलेल्या शेवटच्या बातमीनुसार बारकी काल ओढ्यापर्यंत स्वतःच्या पायांनी गेली. परत मात्र तिला उचलून आणावं लागलं. साळिंदरिणीने अजून होकार दिलेला नाही. दोन्ही पंथांचे प्रमुख एकमेकांची तक्रार घेऊन राजाला भेटले. लांडग्याने दोघांचंही शांतपणे ऐकून घेतलं आणि भरल्या बिळांना मनापासून आशीर्वाद दिला. आपल्याला सगळी पिलं सारखीच आवडतात, असं त्याने स्पष्ट केलं.