मालकांची लाडकी टाकी

अलिबागच्या निवृत्त नर्स यमुनाताई तांडेल घरच्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीसाठी टँग जातीचा समुद्री मासा घ्यायला पनवेलच्या शोभेच्या माशांच्या एका मोठ्या दुकानात गेल्या. मालक विश्वंभर सामंतांनी दाखवलेला निळा टँग पाहून त्यांना धक्काच बसला. त्याचं पोट खपाटीला गेलं होतं, अंगभर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके होते आणि कल्ले धाप लागल्यासारखे हलत होते.

"अहो, हा तर आजारी आहे!"

"वीस वर्षं या धंद्यात आहे मी," सामंत सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "ताई, मासे तळणं वेगळं आणि पाळणं वेगळं. हा ठणठणीत आहे. ठिपके त्याच्या जातीचेच."

गिऱ्हाइकं हसली. यमुनाताईंनी घरी तीन वर्षं माशांची जोडी जपली होती. त्यांनी राग गिळला आणि दुकानाच्या मधोमध असलेल्या टाकीकडे पाहिलं. तिच्यातले मासे मालकांचे लाडके, विकायला नव्हते.

"मग याला तासभर तुमच्या या टाकीत सोडू. इथे रमला तर लगेच नेते," असं म्हणत त्यांनी जाळी उचललीसुद्धा.

"थांबा!" सामंत किंचाळत आडवे आले. "माझे सगळे मासे मरतील ना!"

आपण काय बोलून गेलो हे कळताच सामंतांचा चेहरा पांढराफटक पडला.

"आणि माझे काय," यमुनाताईंनी विचारलं, "वाळत घालायचे होते?"

मघाशी हसलेल्या एका बाईंनी हातातली माशाची पिशवी मुकाट्याने गल्ल्यावर परत ठेवली.